सतरावी चूल

आमच्या वाडीच्या हुतुतू संघाचा कप्तान मी कसा झालो, हे सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. खेळण्यात मी बेताचाच होतो. पण मी रत्नागिरीच्या कचेरीत नकलनवीस होतो, माझं अक्षर वळणदार होतं, आणि सामन्यांसाठी अर्ज लिहावे लागत. बाकीचे आठ गडी आंब्याच्या बागांत आणि चिऱ्याच्या खाणींत राबणारे. त्यांनी माझ्या दंडाकडे न बघता बोटांकडे बघितलं आणि मला पुढारी केलं. त्यामुळे खेळाविषयी मला जे काही कळलं, ते सगळं एका माणसाकडून कळलं. तो आमचा नव्हता. तो कुणाचाच नव्हता. त्याला सगळे ‘पाहुणे’ म्हणत.

हे नाव त्याला संघासंघांतून मिळालं होतं. ज्या संघाला गडी कमी पडे तो संघ त्याला बोलवी आणि मैदानावर उभं करताना पंचांना सांगे, “हा आमचा पाहुणा.” असं अकरा संघांनी म्हटलं होतं. अकरा म्हणजे त्याच्याकडे अकरा बंड्या होत्या, त्यावरून. लाल, निळी, हळदीच्या रंगाची, एक तर बायकांच्या चोळीच्या खणातून शिवलेली. त्या सगळ्या एका पत्र्याच्या ट्रंकेत असत आणि ट्रंकेला काथ्याच्या दोरीचे चार वेढे असत. बंडी बदलायची झाली की तो दोरी सोडी, बंडी काढी आणि लगेच पुन्हा दोरी आवळी. “पाहुन्यानां सामान पसरू नये,” असं त्याचं म्हणणं. निजतानाही तो ओटीच्या अगदी कडेला, रस्त्याकडे डोकं करून निजायचा. का, तर उठून जायला सोपं.

तो मंडणगडाकडचा. आईबाप एकाच पावसाळ्यात तापानं गेले, तेव्हा हा मिसरूड फुटायच्या वयाचा. मुंबईला गेला, गिरणीत लागला. तिथल्या एका जॉबरानं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, त्याला चाळीपुढच्या पटांगणात खेळताना पाहिलं आणि तेव्हापासून त्याचं नाव साच्यावर आणि काम मैदानावर, असा प्रकार सुरू झाला. एका गिरणीचा संघ जिंकत असला की दुसरीचा जॉबर याला उचलून नेई. पण टिकला मात्र तो कुठंच नाही. त्याला कारण होतं.

हुतुतू ज्यानं खेळला आहे त्याला ठाऊक असतं की या खेळात अर्धी गोष्ट पंचाला दिसते आणि अर्धी फक्त गड्याला कळते. चढाई करणाऱ्याचं बोट आपल्याला पुसटसं लागलं का, परत येताना त्याचा दम मध्येच तुटला का, हे धुरळ्यात आणि आरडाओरड्यात कोण बघणार? बाकीचे गडी अशा वेळी मूग गिळून बसतात. पाहुणे मात्र हात वर करायचे आणि म्हणायचे, “मेलो.” पंचानं शिट्टी वाजवलेली नसली तरी, आणि समोरचा गडी स्वतःच साशंक असला तरीही.

त्यावर एका जॉबरानं त्याला काढून टाकताना सांगितलं होतं, “तुला मी जगायला ठेवलाय रे, मरायला नाही.” हे वाक्य पाहुणे मोठ्या कौतुकानं सांगत. जॉबराचा त्यांना जराही राग नव्हता. “त्याचांबी बरोबर व्हतां,” असं वर म्हणत.

पुढं गिरण्यांत संप झाले, माणसं कमी झाली. तेव्हा हे आगबोटीनं कोकणात परतले आणि खेडपासून संगमेश्वरापर्यंत जत्रेजत्रेला खेळत फिरू लागले. मोबदला म्हणजे एखादं धोतर, नारळ आणि सामना संपेपर्यंतचं जेवण. असेच एका शिमग्यानंतर ते आमच्याकडे आले. आमचा डाव्या कोपऱ्याचा गडी माडावरून पडून जायबंदी झाला होता, त्याच्या जागी. चार दिवसांसाठी, पण तो गडी काही लवकर बरा होईना, म्हणून हे राहिले.

तेव्हा त्यांची चाळिशी जवळ आली होती. अंगानं शिडशिडीत, गुडघ्यांवर वळ, एक कान पकडीत चुरगळलेला. दिसायला अगदीच साधा माणूस. पण चढाईला निघाले की मैदान गप्प व्हायचं. एवढ्या हळू आवाजात ते ‘हुतुतू’ म्हणत की समोरच्यांना ते ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि पुढं वाकले की हे शिवून परत.

दमाची त्यांना फार काळजी. आमच्या वाडीपासून मैदानापर्यंत जांभ्याची एक चढण आहे. रोज सकाळी ते तिच्या पायथ्याशी श्वास भरून घेत आणि एका दमात ‘हुतुतू’ म्हणत चढत. दम जिथं सरे तिथं कडेला एक तांबडा चिरा ठेवत. दुसऱ्या दिवशी तो चिरा वर सरकायचा किंवा खाली यायचा. सरकारी हद्दीचा दगड असावा तसा आम्ही कुणी त्याला हात लावत नसू. पहिल्या महिन्यात तो चिरा वडाच्या पारापाशी होता. पुढं तो जरा जरा खाली येत गेला. आम्ही पाहिलं होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं.

त्या सालापासून सामन्यांचे नियम छापून आले. आमच्याकडचे मुख्य पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक ड्रिलमास्तर. सत्तरीचे, ताठ, कडक इस्त्रीचा कोट. त्यांनी संघांना बोलावून बजावलं, “यापुढं पाहुणे बंद. ज्या गावचा संघ, त्या गावचा गडी. आणि कागदावर नाव लिहून चालणार नाही. तीन महिने त्याची चूल तिथं पेटलेली असली पाहिजे. मी येऊन बघेन.”

हा नियम सगळीकडेच येणार होता. म्हणजे पाहुण्यांचं जगणंच त्यानं संपणार होतं. अकरा संघांचा गडी आता एकाही संघाचा राहिला नव्हता.

“तुमच्या गावचा संघ आहे ना?” मी विचारलं.

“हाय.”

“मग तिथून खेळा.”

ते हसले. “गावात माजां म्हनायला एक फणसाचां झाड हाय, कप्तान. तांबी चुलत्याच्या हद्दीत.”

मी कारकून माणूस. नियम आला की त्यातली फट आधी दिसते. वाडीत एक घर बंद होतं, मालक मुंबईला. त्याची पडवी मागून घेतली आणि पाहुण्यांना म्हटलं, “इथं तीन दगड मांडा. अधूनमधून धूर काढा. सामने दिवाळीनंतर आहेत, तोवर तीन महिने भरतात.”

ते म्हणाले, “खोटी चूल मी नाय पेटवायचो. पेटवली तर रोज रांधीन.”

“रांधा बापडे.”

पडवीला लागून आवडाक्काचं घर. ही म्हातारी एकटी राही. नवरा कधीच गेलेला आणि मूलबाळ नाही. आपला म्हणावा असा एक खाडीपलीकडचा पुतण्या. जिभेला हाड नव्हतं, पण हाताला माया होती. तिनं पाहुण्यांनी मांडलेले तीन दगड पायानं उडवले आणि स्वतः मातीची चूल घालून दिली, शेणानं सारवली आणि आपल्या चुलीतला निखारा करवंटीतून आणून त्यात ठेवला. म्हणाली, “सोळा चुली व्हत्या वाडीत, ही सतरावी. इझू देव नको, मेल्या.”

पाहुण्यांचा स्वयंपाक हा एक स्वतंत्र विषय आहे. त्यांची पेज इतकी पातळ असायची की तिच्यात आपलं तोंड दिसे. कुळथाचं पिठलं कधी खडा तर कधी पाणी. पण संध्याकाळी खेळून आलो की आठही गडी आणि मी आपापल्या घरचं सोडून तिथं पडवीत बसत असू. आवडाक्का कुंपणावरून आमसुलाचं सार देई आणि शिव्याही देई. ट्रंकेवर तिचा विशेष दात होता.

“त्या ट्रंकेच्या गळ्याला फास कशाला लावून ठेवलायस रे? पळून जायचा हाय काय?”

“पाहुन्याचां काय, आक्का. आज हितं, उद्या तितं.”

“चूल घातलीस नि पाहुनो कसलो?” ती म्हणायची. यावर ते पेज ढवळू लागत. दोरी मात्र सुटली नाही.

सामने तोंडावर आले आणि बंदराकडच्या संघानं हरकत घेतली. त्यांचा कप्तान चांगला आडदांड गडी, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. “भाड्याचो गडी आनून चुलीचां नाटक केलानी,” असं त्यानं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी निरोप धाडला की रविवारी सकाळी येतो, चूल बघतो.

रविवारी पहाटे आवडाक्का गेली. आदल्या संध्याकाळी सार देऊन, शिव्या देऊन निजली ती उठलीच नाही.

पुतण्याला निरोप गेला. भरती आल्याशिवाय होडी निघणार नाही आणि तो आल्याशिवाय प्रेत उचलायचं नाही. वाडीतलं प्रेत उठेपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. लहान पोरांनासुद्धा आदल्या दिवशीचा गार भात चारतात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आणि तरीही त्या सकाळी माझ्या डोक्यात आवडाक्का नव्हती, ड्रिलमास्तर होते.  तीन महिने जपलेली चूल नेमक्या त्याच दिवशी थंड दिसणार होती. मास्तर गावातल्या त्यांच्या घरून निघालेही असतील.

मी धावत पडवीत गेलो. पाहुणे अंगणात बसून तिरडीसाठी बांबू चिरत होते.

“पाहुणे, चूल पेटवा! मास्तर येतायत.”

त्यांनी वर पाहिलं. “आवडाक्का अजून घरात हाय.”

“अहो, भात शिजवू नका. नुसता धूर करा. चार काटक्या. कुणाला कळणार नाही.”

कोयता खाली ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. एखाद्या परक्या माणसाला वाट विचारावी तसं त्यांनी मला विचारलं, “कप्तान, तुमी ह्या वाडीतलेच ना?”

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले आहेत. त्यातले बहुतेक मी विसरलो. हा नाही. मी तिथंच खाली बसलो आणि बांबूचं दुसरं टोक धरलं.

तिरडी बांधायला दोरी कमी पडली. वाडीत शोधाशोध सुरू झाली तेव्हा पाहुणे उठले, पडवीत गेले आणि ट्रंकेभोवतीचे चार वेढे सोडून ती काथ्याची दोरी घेऊन आले. मला वाटतं, आपण काय केलं हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. गाठी मारण्यातच त्यांचं सगळं ध्यान होतं.

इतक्यात मास्तर आले. बरोबर बंदराचा कप्तान. तो तडक पडवीत शिरला, चुलीपुढं उकिडवा बसला आणि राखेत हात घातला. बाहेर येऊन त्यानं तो हात मास्तरांपुढं धरला.

“बघा मास्तर. थंडगार! कालपास्नं पेटलेली नाय. हितं कोन ऱ्हवत नाय.”

मास्तरांनी पाहुण्यांना विचारलं, “हे घर तुमचं?”

 हा माणूस खोटं बोलणार नाही, एवढंच मला नक्की ठाऊक होतं.

“घर दुसऱ्याचां हाय,” पाहुणे म्हणाले. “चूल माजी.”

“तुमची, तर पेटलेली का नाही?”

या प्रश्नाचं पाहुण्यांना खरोखर नवल वाटलं. एवढा शिकलेला माणूस असं कसं विचारतो, अशा चेहऱ्यानं ते म्हणाले, “वाडीत मयत हाय, मास्तर.”

मास्तरांनी मान वळवून वाडीवरून नजर फिरवली. एकाही घरावर धूर नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.  मग बंदराच्या कप्तानाला म्हणाले, “हात धू तो. याचं नाव या वाडीत धर. भाड्याच्या गड्यानं मला दाखवायला होळी पेटवली असती.”

मी खाली मान घातली.

पुतण्या भरतीबरोबर आला. आवडाक्काला उचललं तेव्हा पुढच्या खांद्याला पाहुणे होते आणि मागच्या खांद्याला, कुणी न सांगता, तो बंदराचा कप्तान होता. दोरी तिच्याबरोबर जळाली. ट्रंकेला पुन्हा दोरी आलेली मी पाहिली नाही.

सामन्याचं सांगायचं तर अखेरची लढत बंदराशीच पडली. पाहुण्यांनी त्या दिवशी आमच्या वाडीची बंडी घातली. बारावी. मास्तरांनी नावं वाचली तेव्हा त्यांच्या नावापुढं ‘पाहुणा’ म्हटलं नाही. आपलं नाव ऐकून ते क्षणभर उशिरानं पुढं आले.

शेवटची चढाई त्यांची होती. समोर दोन गडी उरलेले, आमच्याकडे हे एकटे. त्यांनी एकाला शिवलं, दुसऱ्यानं कंबर धरली, त्याला घेऊन हे फरफटत मध्यरेषेवर आले आणि हात पलीकडे टेकला. एवढा गदारोळ झाला की शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही. आमचे गडी नाचत आत शिरले. मास्तरांनी हात आमच्या बाजूला केला होता.

पाहुणे धुळीतून उठले आणि त्यांनी हात वर केला.

“दम मधीच तुटला. मेलो.”

मास्तर म्हणाले, “मी ऐकला नाही तुटलेला.”

“तुमाला नाय ऐकू यायचा. माजा मला कळला.”

आम्ही हरलो. आमच्यातले दोघं त्यांच्याशी त्या दिवशी बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा नाही. संध्याकाळी पडवीत गेलो. चूल पेटलेली होती, पण त्यांनी काही शिजवलं नव्हतं. नुसते जाळापुढं बसले होते. मला बघून म्हणाले, “कप्तान, आजपरेंत हरवलां तां दुसऱ्याच्या गावाला. आज आपल्या वाडीला हरवलां. लई लागलां बघा.” आणि डोळे पुसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं न बोलणारे दोघंही आले. त्यांतल्या एकानं घरून फणसाच्या आठळ्या आणल्या होत्या. त्या आम्ही निखाऱ्यात भाजल्या.

पुढं वर्षभरात मी एका निकालाच्या नकलेत जमिनीचा क्रमांक चुकीचा उतरवला. चूक उघडकीला आली तेव्हा शिरस्तेदार दुसऱ्याच एका गरीब शिकाऊ उमेदवारावर घसरले. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण माझा हात आपोआप वर गेला. तोंडात ‘मेलो’ आलं होतं, ते गिळून मी “साहेब, चूक माझी” एवढंच म्हटलं. नोकरी राहिली, बढती दोन वर्षं लांबली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत ते असे, रोजच्या वापरातले.

पाहुणे पुन्हा खेळले नाहीत. चिऱ्याच्या खाणीत जाऊ लागले, आणि संध्याकाळी पोरांना शिकवत. चढणीवरचा चिरा खाली येत येत शेवटी पायथ्याशी, वाडीच्या तोंडाशी येऊन थांबला. तिथं त्यांनी तो पक्का रोवला आणि त्यावर बसू लागले. पेज शेवटपर्यंत पातळच राहिली. आम्ही त्यांना पाहुणेच म्हणत होतो, पण तोंडात बसलेलं नाव म्हणून, बाकी त्याला काही अर्थ उरला नव्हता.

सहा वर्षांनी, पौषातल्या एका पहाटे ते गेले. दमानंच गेले. मंडणगडाला चुलत्याला तार केली, तो मोटारीनं संध्याकाळी येईल अशी उलट तार आली. मी कचेरीत गेलो नाही, म्हणून साहेबांनी शिपाई पाठवला. तो बिचारा थंडीत चालत आलेला. मी अंगणात बांबू चिरत होतो. बिडी कानावरून काढत तो दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोला म्हणाला, “वहिनी, जरा निखारा द्या बघू.”

ती म्हणाली, “आज निखारा नाही हो. आमचे पाहुणे अजून घरात आहेत.”

त्याला काही उमगलं नाही. शहरातला माणूस. तो पुढच्या घरी गेला, तिथून त्याच्या पुढच्या. बिडी हातात धरून तो वाडीतली सगळी घरं फिरला. एकाही चुलीत त्याला निखारा मिळाला नाही.